पोस्टरवर अल-ख्वारिज्मी, आणि वाटणीच्या वेळी?

गणितमास्तर_परभणी:
विषय मांडायलोय, पटलं नाही तर बिनधास्त बोला पण शिव्या नको.

आमच्या मोहल्ल्यातल्या लायब्ररीवर पोरांनी मोठा फ्लेक्स लावलाय. इब्न सीना, इब्न रुश्द, अल-बिरुनी, अल-ख्वारिज्मी, म्हणजे जुने मुस्लिम विद्वान, सगळ्यांची दाढी एकसारखी पगडी एकसारखी (फ्लेक्सवाल्यानं एकच माणूस चार वेळा छापलाय असं वाटतं). खाली 'आमचा सुवर्णकाळ'. पोरं सेल्फी घ्यायलेत, मी पण घेतला, खोटं कशाला बोलू. मग एका बारावीच्या पोराला विचारलं, अल-ख्वारिज्मीनं काय केलं रे? म्हणे सर, अल्जेब्रा. बरं, कशासाठी केलं? गप्प.

तर ऐका. नवव्या शतकात बगदादमधे खलिफा मामूनच्या काळात त्यानं जे पुस्तक लिहिलं, ज्याच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून अल्जेब्रा आलं, त्याचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्राच्या हिशोबाचा आहे. कुराणात हिस्से सांगितलेत, ते काढायचे कसे हा त्याचा सवाल. आपलंच उदाहरण घ्या. माणूस गेला, मागं बायको, दोन पोरं, एक पोरगी, जमीन चार एकर म्हणजे १६० गुंठे. बायकोला आठवा हिस्सा २०. राहिले १४०, त्यात पोराचे दोन भाग पोरीचा एक, म्हणजे पोरं ५६-५६ आणि पोरगी २८. करा बेरीज.

आता सांगा, फ्लेक्ससमोर सेल्फी घेणाऱ्या किती जणांच्या आत्याला, बहिणीला ते २८ मिळालेत? माझ्याच घरात मिळाले नाहीत. अब्बांच्या माघारी आपा रजिस्ट्री ऑफिसला आली, हक्कसोडावर सही केली, भाईजाननं तिला उसाचा रस पाजून बसस्टँडवर सोडलं. महिन्याभरात सातबाऱ्यावरून नाव गेलं. मी बाजूलाच उभा, बीएस्सी गणित फर्स्ट क्लास. म्हणून म्हणतो नावं मिरवणं बंद करा, काम घ्या त्यांचं.

मदरशातून_एमए:
मास्तर, आपाचं वाचून वाईट वाटलं. पण राग पोस्टरवर कशाला काढायलात? पोरांना रोज टीव्हीवर स्वतःबद्दल काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे, एक भिंत तरी ताठ मानेनं बघू द्या की त्यांना. आणि तुम्ही लोक या बुजुर्गांना दीनपासून (धर्मापासून) तोडून दाखवता ते मला खटकतं. इब्न रुश्द स्पेनमधल्या सेव्हिल आणि कुर्तुब्यात काझी होता, त्याचं बिदायतुल मुज्तहिद हे फिकहचं (इस्लामी कायद्याचं) पुस्तक मदरशात आजही वाचतात, मी स्वतः वाचलंय. इब्न सीनाचं दहाव्या वर्षापर्यंत कुराण झालेलं, आणि एखादा सवाल अडला की मशिदीत जाऊन नमाज पढायचा, मग सुटायचा, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय.

कोरडवाहू:
एमए भाई, त्याच ठिकाणी पुढं तो हे पण सांगतो की रात्री अभ्यास करताना झोप आली की एक पेला दारू घ्यायचो. ते तुम्ही सोईस्कर गाळलंत 😄

मुद्दा असा की या लोकांना आपल्याच लोकांनी काय दिलं ते पण फ्लेक्सवर छापा. इब्न रुश्दला ११९५ ला हद्दपार केलं, पुस्तकं जाळली, मरायच्या थोडं आधी परत बोलावलं. इस्तंबूलला खगोलशास्त्रज्ञ तकीउद्दीननं १५७७ ला वेधशाळा उभी केली, १५८० ला सुलतानानंच पाडून टाकली. तीन वर्षं पण टिकू दिली नाही. गझाली या धर्मपंडितानं तर विचाराचं दार बंद केलं ते केलंच. अक्कल चालवायची तर दीन मधे आणायची गरजच काय, हे माझं सरळ मत आहे.

मदरशातून_एमए:
दारूचं मला माहीत आहे, मी त्याला वली (संत) म्हणलो नाही. पण गझालीवर बोलायच्या आधी गझाली वाचा की साहेब. त्यांनी फलसफ्याच्या (तत्त्वज्ञानाच्या) काही मतांवर टीका केली, गणितावर नाही. उलट ते म्हणतात की ग्रहणाचा हिशोब पुराव्यानिशी सिद्ध झालेला असताना जो दीनच्या नावानं तो नाकारतो तो दीनचंच नुकसान करतो.

आणि अक्कलवाल्यांचं पण ऐका. ज्या मामूननं पुस्तकांचे तर्जुमे करवले त्यानंच ८३३ ला आलिमांची (धर्मपंडितांची) झडती सुरू केली, कुराण अनादि नाही, निर्माण केलेलं आहे असं कबूल करा म्हणून. इमाम अहमद बिन हंबल कबूल झाले नाहीत तर कैद, आणि पुढच्या खलिफानं फटके. म्हणजे फटके मारायला मौलवीच लागतो असं काही नाही.

कोरडवाहू:
हे मान्य. गझालीबद्दल मी व्हॉट्सअपवरचंच बोललो, मागं घेतो. वेधशाळेचं मागं घेणार नाही.

गोदाकाठचा_पाटील:
मधे बोलू का, मी तुमच्यातला नाही पण हे असलं पोस्टर आमच्या ग्रुपवर पण रोज येतं, फक्त त्यात विमानं असतात. मला यातला अल-बिरुनी आवडतो. संस्कृत शिकला, पतंजली अरबीत नेला, १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर एवढं मोठं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो हिंदूंना वाटतं आपल्यासारखा देश नाही आपल्यासारखं शास्त्र नाही. वाचून हसलो, मग चुलत्याचे फॉरवर्ड आठवले आणि हसू गेलं.

कोरडवाहू:
पण आला कुणाबरोबर? गझनीच्या महमूदाबरोबरच ना.

गोदाकाठचा_पाटील:
हो ना, आणि तरी महमूदानं या देशाची भरभराट धुळीला मिळवली असं त्यानंच लिहिलंय, ते पण महमूदाचा पोरगा गादीवर असताना. ज्याचं खायचं त्याच्याबद्दल असं लिहायला काळीज लागतं राव. आमच्यात सरपंचाबद्दल लिहायची टाप नाही कुणाची.

टायपिंगवाली_ताई:
कधीपासून वाचायले, तुम्ही सगळे गझनी, गझाली, दारू करत बसलात. मास्तरांनी २८ गुंठ्याचं विचारलं होतं त्यावर एक जण बोलला नाही, बाया माणसांचा विषय आला की हे असंच होतं.

मी एका वकिलाकडं टायपिंगला आहे. हक्कसोडाचा मजकूर कॉम्प्युटरमधे तयारच आहे, फक्त नाव, वय, गट नंबर बदलायचा. 'कोणाच्याही दबावाला बळी न पडता स्वखुशीने' हे वाक्य मी कधीच नव्यानं टाइप केलेलं नाही, ते आधीपासून आहेच. त्यात शेख पण येतात, पठाण पण, पाटील पण येतात. पाटील दादा, तुमच्याकडं २००५ पासून पोरीला पोराएवढाच हिस्सा आहे ना कायद्यानं? मग? येणारी बाई एकच विचारते, पेन आहे का. एक जण फक्त बोलली होती, सही नाही केली तर दिवाळीला कुणाकडं जाऊ. एक शेखांची आजी अंगठा उठवताना म्हणली, अल्लानं दिलं होतं, लेकांनी घेतलं. भाऊ हसला. मी पण हसले, काय करणार.

गोदाकाठचा_पाटील:
ताई, आमच्यात पण तेच, काही बोलायला जागा नाही.

मदरशातून_एमए:
ताई बरोबर बोलल्या. मी जुम्म्याच्या बयानात नमाज, दाढी, लग्नातला खर्च सगळ्यावर बोललोय, मिरासवर (वारशावर) एकदाच बोललो, आणि त्या दिवशी बाहेर दोघांनी हात पण मिळवला नाही. फराइजचं (वारसा वाटणीचं) इल्म आम्हाला पूर्ण शिकवतात, कागदावर कुठलाही हिस्सा काढून देईन. पण लोक मसला विचारायला सही झाल्यावर येतात.

मास्तर, आता राग मानू नका, तुम्हीच विषय काढलाय म्हणून विचारतो. तुमच्या नावावर सध्या किती आहे?

गणितमास्तर_परभणी:
७०. अम्मीचे २० तिच्या नावावर आहेत, बाकी १४० आम्ही दोघांनी अर्धे अर्धे घेतले.

मदरशातून_एमए:
म्हणजे ५६ तुमचे आणि १४ आपाचे.

कोरडवाहू:
आयला 🙏

गणितमास्तर_परभणी:
हौ. हिशोब बरोबर आहे. इब्न अल-हैथम या जुन्या शास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय की सत्य शोधणाऱ्यानं जुन्यांच्या पुस्तकावर संशय घ्यावा आणि स्वतःवर पण घ्यावा, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. मी आतापर्यंत भाईजान देईल तेव्हा देऊ म्हणून बसलो होतो.

टायपिंगवाली_ताई:
१४ द्यायला भाईजानची परवानगी लागत नाही सर. सातबारा तुमचा आहे, बक्षीसपत्र करता येतं. कागद मी टाइप करून देते, पैसे नका देऊ.

गणितमास्तर_परभणी:
काल रात्री आपाला फोन लावला. सगळं सांगितलं, गुंठे, कागद, टायपिंगवाल्या ताई. बराच वेळ तिकडून फक्त कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग म्हणली, 'भाईजानकू पूछा क्या?'