पाच एजंट लावले तरी बडग्याची घोषणा एकच येऊन राह्यली

झिंगाबाई_टाकळीकर:
फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. एकेक काम सांभाळणारे पाच एआय प्रोग्राम, म्हणजे एजंट, लावले. एक एजंट विषय शोधते, दोघं ओळी लिहितात, एक यमक जुळवते आन शेवटचा टीकाकार, असं करून आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यासाठी (पुतळ्यासाठी) घोषणा काढायची होती. पण टीकाकार पहिल्याच ओळीले वा वा करून मोकळा होते, आन दहातून आठ वेळा तेच, "रस्त्यातले खड्डे, घेऊन जा गे मारबत". सर म्हणतात हे तर एका एजंटनंही झालं असतं. काय करू बे?

सदरवाला_भाऊ:
पाचही एजंटमागं मजकूर लिहिणारं एआय मॉडेल एकच असन. मंग ते पाच जण कुठं झाले, एकच माणूस टोप्या बदलून बसला. स्वतःच्याच ओळीले कोण नावं ठेवते?

निवांत_वाचक:
मॉडेल एकच असलं तरी चालेल, आठवणी वेगळ्या हव्यात. २००१ मध्ये साँडर्स आणि गेरो या संशोधकांनी असे 'कुतूहल असलेले' एजंट केले होते. प्रत्येक जण चित्रं बनवायचा, आवडलं की दुसऱ्याला पाठवायचा, आणि दुसऱ्यालाही ते रोचक वाटलं तरच बनवणाऱ्याला श्रेय. गंमत अशी की रोचक म्हणजे फार नवं नाही, तर स्वतः आधी पाहिलेल्यापेक्षा बेताचं वेगळं. अगदी ओळखीचं कंटाळवाणं आणि फारच विचित्र तेही बाद. तुझ्या टीकाकाराने आधी काही पाहिलेलंच नाही, त्याला खड्डेसुद्धा नवेच वाटणार ना.
आणि एजंटांची ती एकामागून एक काम करायची रांग मोड. सत्तरच्या दशकात हिअरसे-टू नावाची बोलणं ओळखणारी सिस्टीम होती, तिच्यात सगळ्यांसाठी एक सामाईक फळा. अर्धवट काम फळ्यावर, ज्याला सुचेल त्याने पुढे न्यावं.

झिंगाबाई_टाकळीकर:
केलं भाऊ. टीकाकाराले चाळीस जुन्या घोषणा वाचायले देल्या आन फळा लावला. आधी तर त्यानं रात्रभर सगळंच रिजेक्ट केलं, मले वाटलं गेला प्रोजेक्ट. मंग 'बेताचं वेगळं' म्हणजे किती, तो पट्टा थोडा ढिला केला तं सकाळी हे पडलं होतं:
"नळात नुसती हवा, मीटर म्हणे धावा, घेऊन जा गे मारबत"

सदरवाला_भाऊ:
आमच्या गल्लीचंच लिहिलं राजा 😂 मीटर कोणाले सुचलं?

झिंगाबाई_टाकळीकर:
लॉग पाह्यला. लिहिणाऱ्यानं 'नळात नुसती हवा' लिहून सोडून देल्लं होतं. यमकवाल्याले 'हवा'ले जुळणारं 'धावा' सापडलं, आता धावणार कोण म्हणून त्यानंच मीटर घुसवलं. त्याले ओळी लिहायची परवानगीच नव्हती, माह्या कोडमधला बग आहे. आता तो काढू का ठेवू?