वराडकरांनी ऑरेंज ऑर्डरच्या दारात जायला हवं होतं का?

दर्यावर्दी
लिओ वराडकरांचं घराणं मूळचं मालवण तालुक्यातल्या वराडचं. आयर्लंडचे पंतप्रधान असताना जून २०१८ मध्ये ते ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला, ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या मुख्यालयात गेले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिलेच आयरिश पंतप्रधान. माझं स्पष्ट मत आहे की ही भेट नको होती.

१७९५ साली आर्मा परगण्यात 'डायमंड' नावाच्या चौकात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक टोळ्यांची चकमक झाली. त्यानंतर हा संघ स्थापन झाला आणि पुढच्या काही महिन्यांत त्या परगण्यातून हजारो कॅथलिकांना हुसकावून लावलं गेलं. नाव घेतलं प्रोटेस्टंट राजा ऑरेंजच्या विल्यमचं. १६९० साली बॉइन नदीकाठी त्याने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला, म्हणून १२ जुलैच्या मिरवणुका.

खरी ताकद मिरवणुकीपेक्षा उमेदवारीत होती. १९०५ पासून अल्स्टर युनियनिस्ट कौन्सिलमध्ये, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्या पक्षाच्या मंडळात, ऑर्डरला प्रतिनिधित्व होतं, ते थेट २००५ पर्यंत. १९२१ ते १९७२ या काळातले उत्तर आयर्लंडचे सहाही पंतप्रधान ऑर्डरचे सभासद. त्यातले पहिले, जेम्स क्रेग, १९३४ साली भर संसदेत म्हणाले की मी आधी ऑरेंजमन, मग राजकारणी. कॅथलिक नागरिकाने घरासाठी, नोकरीसाठी कोणाकडे जायचं?

पारावरचा
असहमत. तुम्ही गोष्ट १७९५ पासून सुरू केलीत, तिथले प्रोटेस्टंट ती १६४१ पासून सांगतात. त्या वर्षीच्या कॅथलिकांच्या उठावात पोर्टाडाउनच्या पुलावरून सुमारे शंभर प्रोटेस्टंटांना नदीत ढकलून मारलं. आजही काही लॉजच्या, म्हणजे ऑर्डरच्या स्थानिक शाखांच्या, निशाणांवर ते चित्र असतं. आणि हे फक्त जुनं दुखणं नाही. १९७५ मध्ये टलीव्हॅलनच्या ऑरेंज सभागृहात बैठक चालू असताना गोळीबार झाला, पाच सभासद गेले. सीमेलगतच्या एकट्यादुकट्या शेतकऱ्याला लॉज म्हणजे आपली माणसं. ती भीती खोटी ठरवून शेजार कसा जोडणार?

डोनेगलमधल्या रॉसनोलाला दर जुलैत ऑरेंज मिरवणूक निघते. हे गाव आयरिश प्रजासत्ताकात आहे. तिथे समुद्रकिनाऱ्याकडे ढोल वाजवत जातात, कोणाचं काही बिघडत नाही. वराडकर या लोकांचेही पंतप्रधान होते.

टिपणवही
फक्त आयर्लंडकडे बघू नका, कॅनडाही बघा. मॅकेंझी बोवेल तिथे ऑर्डरचे ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, होते, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. टोरांटोत तर अनेक दशकं महापौर बहुतेक ऑरेंजमनच. १९५४ मध्ये नेथन फिलिप्स या ज्यू उमेदवाराने लेस्ली साँडर्स या ऑरेंजमन महापौरांना हरवलं आणि ती साखळी तुटली. तिथे ना १६४१ घडलं, ना सीमेवरचा गोळीबार. मग भीतीचं कारण कुठे लागू पडतं, पारावरचे? पालिकेत आपला माणूस बसवायची सोय होती ती.

पारावरचा
टोरांटोबद्दल मान्य, तिथे भीतीचा मुद्दा चालत नाही. पण आयरिश स्थलांतरितांना परमुलखात आजारपणात, अंत्यविधीला लॉजच उभं राहायचं, हेही लिहा. आणि २०१८ पर्यंत ऑर्डरची राजकीय पकड बरीच सैल झाली होती. घसरणीला लागलेल्या संघटनेशी बोलायचं नाही तर कधी बोलायचं?

दर्यावर्दी
पकड सैल कशी झाली तेही बघा. जुलै १९९६ मध्ये पोलिसांनी पोर्टाडाउनजवळच्या ड्रमक्रीची ऑरेंज मिरवणूक कॅथलिक वस्तीतल्या गार्व्हाघी रोडवरून न्यायला बंदी केली. ऑरेंजमन हजारोंनी जमले, ठिकठिकाणी रस्ते अडले, आणि चार दिवसांत बंदी उठवून पोलिसांनीच त्या वस्तीतून वाट करून दिली. १९९८ मध्ये पुन्हा अडवलं, तेव्हा पेटलेल्या वातावरणात बॅलीमनीत एका घरावर पेट्रोल बॉम्ब पडून तीन लहान भाऊ जळून मेले. ऑर्डरमधल्याच काही धर्मगुरूंनी तेव्हा माघार घ्या म्हटलं, ते मोठंच धैर्य होतं. पण त्या सगळ्या वर्षांत गार्व्हाघी रोडच्या रहिवासी समितीसमोर बसायला ऑर्डर तयार नव्हती. डब्लिनचा पंतप्रधान दारात आला तर चहापाणी होतं. मग रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलायला काय हरकत होती, याचं उत्तर वराडकरांनी आत शिरण्याआधी मागायला हवं होतं.