ऑपेरा कंडक्टर स्पर्धेतून निवडता येतो का?

पूर्वांग:
बेल्जियममधल्या लिएज शहराच्या ऑपेरा रोयाल द वालोनीने २०१७ मध्ये खास ऑपेरा कंडक्टरांसाठी, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकात ऑर्केस्ट्रा आणि गायकांना हाताच्या इशाऱ्यांनी चालवणाऱ्यांसाठी, आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. तोवर कंडक्टरांच्या बहुतेक मोठ्या स्पर्धांचा भर सिंफनीवर, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या मैफिलीच्या संगीतावर, असायचा. फ्रान्समधल्या बेझान्सोंची स्पर्धा १९५१ पासूनची, कोपनहेगनची मालको १९६५ पासूनची. त्यामुळे ऑपेरावाल्यांसाठी वेगळं व्यासपीठ झाल्याचं आमच्या मंडळींना कौतुक आहे. मला मात्र मुळात ही कल्पनाच पटत नाही, आणि का पटत नाही ते इथे मांडतोय.

मी जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या थिएटरात रेपेटिटर आहे. गायकांच्या भूमिका पियानोवर बसवून घ्यायच्या, तालमीला ऑर्केस्ट्राच्या जागी पियानो वाजवायचा आणि प्रयोगाच्या वेळी विंगेत उभं राहून पडद्याआडच्या गायकांना हात दाखवायचा, हे माझं काम.

'ला त्राव्हियाता' या ऑपेराच्या पहिल्या अंकाचा शेवट घ्या. पाहुणे निघून गेलेत, व्हियोलेत्ता एकटी 'सेम्प्रे लिबेरा' गातेय आणि मध्येच बाहेरून तिच्यावर प्रेम करणाऱ्या आल्फ्रेदोचा आवाज येतो, जोडीला हार्प. आल्फ्रेदो गाणारा हा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, विंगेत असतो. कंडक्टर त्याला फक्त मॉनिटरवर दिसतो. पिटातला, म्हणजे स्टेजपुढच्या खळग्यात बसलेल्या ऑर्केस्ट्राचा, आवाज कानावर पडल्यावर त्याने सूर लावला, तर प्रेक्षकांना तो मागे पडलेला ऐकू येणार. पिट आणि गायक यांच्यात सतरा मीटर अंतर असेल तर आवाजाला जाताना सेकंदाचा विसावा भाग लागतो, परत येताना पुन्हा तेवढाच. म्हणून कानावर विश्वास ठेवायचा नाही, मॉनिटरवरच्या हातावर ठेवायचा. इकडे स्टेजवरची व्हियोलेत्ता तिच्या तानांमध्ये त्या दिवशी दम जिथे पुरेल तिथे श्वास घेणार. मंगळवारी एका जागी, शुक्रवारी सर्दी झाली की दुसऱ्याच. कंडक्टरला हे सगळं आधी कळलेलं असावं लागतं, आणि ते कळतं रोज त्या माणसांबरोबर काम केल्याने. परीक्षकांपुढे मिळणाऱ्या अर्ध्या तासात ते कुठून कळणार?

पुढे जगप्रसिद्ध कंडक्टर झालेला तोस्कानिनी १८८६ मध्ये रिओ द जानेरोत १९ वर्षांचा चेलोवादक होता. फिरत्या कंपनीचा कंडक्टर भांडून गेला, बदली माणसाला प्रेक्षकांनी हुसकावलं आणि या पोराने 'आयदा' हा ऑपेरा तोंडपाठ चालवला. कारण तो त्या दौऱ्यात सहायक कोरसमास्तरही होता, गायकांची तयारी करून घेत होता. हा कंडक्टर घरातच तयार झाला होता.

दादरकर:
लेख मनापासून लिहिलाय, पण यातली गृहीतकं सगळी युरोपातल्या माणसाची आहेत. "घरात तयार व्हायचं" तर आधी घर हवं. जर्मनीत मध्यम शहरालाही स्वतःचं थिएटर, पगारी कोरस आणि ऑर्केस्ट्रा असतो. आमच्या मुंबईत १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन झालं, मग तिथे सिनेमे लागले, मग ते वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं आणि २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं. एनसीपीए या मुंबईच्या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे आणि तिथे ऑपेराही झालेत, पण हंगामी. बारा महिने ऑपेरा करणारी कंपनी इथे नाही. मग ठाण्याची एखादी मुलगी रेपेटिटर कुठे होणार? विंगेत उभं राहायला विंग कुठली?

कंडक्टर झुबिन मेहतांचं उदाहरण घ्या. त्यांचे वडील मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी उभी केली, गोव्याचे कितीतरी वादक त्यात होते. त्या तालमी ऐकत वाढलेला मुलगा १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेला आणि १९५८ मध्ये लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकला. बक्षीस म्हणून तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभर सहायकाची जागा मिळाली. मुंबईच्या मुलासाठी तेव्हा स्पर्धा हेच दार होतं, आणि आजही आहे. ते बंद करा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पूर्वांग:
दार बंद करा असं मी म्हटलेलं नाही. मेहतांचंच बघा. लिव्हरपूल ही ऑपेराची स्पर्धा नव्हती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात 'आयदा' घेऊन ते उभे राहिले १९६५ च्या डिसेंबरात, म्हणजे सात वर्षांनी. ऑपेरा त्यांच्यात आला तो व्हिएन्नातून. त्यांचे गुरू हान्स स्वारोव्स्की ऑपेराही चालवणारे होते. शिवाय मेहता आणि त्यांच्याबरोबर शिकणारे इटलीचे आबादो हे दोघे विद्यार्थी म्युझिकफेराइन या तिथल्या संगीत संस्थेच्या गायकवृंदात जाऊन गायचे. का, तर कारायानसारख्या बड्या कंडक्टरांच्या तालमी समोरून बघायला मिळाव्यात म्हणून! कंडक्टरचा हात गायकाच्या जागेवरून कसा दिसतो, हे त्यांनी तिथे अनुभवलं. हे शिक्षण कुठल्याही स्पर्धेच्या फेरीत मिळत नाही.

मांडवी:
मी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका आहे, मूळची पणजीची. कंडक्टरांच्या स्पर्धेत ठरावीक मानधनावर गायक बोलावतात, तसं मी गायले आहे, म्हणून लिहिते.

पूर्वांग यांचं अर्धा तास अपुरा पडतो हे म्हणणं मला मान्य नाही. 'ला बोहेम'मधलं मिमीचं गाणं, "सी, मी कियामानो मिमी". बराच वेळ ती साधं बोलल्यासारखं सांगत असते, मी भरतकाम करते, एकटी जेवते. आणि मग "मा क्वांदो व्हियेन लो झ्जेलो", बर्फ वितळायला लागलं की पहिलं ऊन माझं. इथे संगीत एकदम उघडतं, गायिकेला त्याच्या आधी छाती भरून श्वास हवा असतो. ओळीने उमेदवार येतात, तीच जागा, तेच स्वर. एकाची नजर समोरच्या स्कोअरवर, म्हणजे लिहिलेल्या स्वरांवर, तो ठरल्या गतीने खाली हात देतो आणि मी श्वास अर्धवट टाकून त्याच्यामागे धावते. दुसरी माझ्या खांद्यांकडे बघत असते. खांदे उचलले की तिचा डावा हात तारवाद्यांना थोपवतो आणि मी सुटले की सगळे माझ्याबरोबर सुटतात. आम्ही दोघी एकमेकींना तासाभरापूर्वी भेटलेल्या. कोण गायकाबरोबर श्वास घेतो आणि कोण नाही, हे गाणाऱ्याला आठ मात्रांत कळतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. ते कळतं मला, पण मत द्यायला मी नसते. परीक्षक प्रेक्षागृहात मागे बसलेले, त्यांना पाठ आणि कोपर दिसतात. ऑपेराच्या स्पर्धेत स्टेजवरच्या गायकांना मत नसेल, तर ती ऑपेराची स्पर्धा कसली?

खर्ज:
मांडवीताईंचं वाचून आपल्याकडचा साथीचा तबलजी आठवला. गायकाने समेला यायला वेळ घेतला तर चांगला तबलजी त्याला जागा देतो. ते स्पर्धेत नंबर काढून ठरत नाही, गवई पुन्हा त्यालाच बोलावतो त्यातून ठरतं. म्हणून मी पूर्वांगच्या बाजूने.

दादरकर:
खर्ज, ही तुलना इथे चालत नाही. तबलजी स्वतःच्या हाताने वाजवतो आणि गवई त्याच्या हातभर अंतरावर असतो. इथे कंडक्टर स्वतः काहीच वाजवत नाही. पिटात साठ माणसं, स्टेजवर कोरस, आणि त्या सगळ्यांनी गायिकेचा श्वास एकाच क्षणी ओळखायचा तो याच्या मनगटावरून. आणि "गवई पुन्हा बोलावतो" हेच तर दुखणं आहे. एकदा तरी बोलावलं पाहिजे ना!

अलकनंदा:
"घरात काम करत वर या" या सल्ल्याचा इतिहासही बघू या. जर्मनीतल्या बायरॉइटचा ऑपेरा महोत्सव १८७६ मध्ये सुरू झाला. तिथे पहिल्यांदा एका बाईने ऑर्केस्ट्रा चालवला तो २०२१ मध्ये, ओक्साना लिनिव्ह, 'द फ्लाइंग डचमन'. १४५ वर्षं! त्या रांगेत बायकांना उभंच राहू दिलं नाही, आणि आता सांगायचं की रांगेतून या. लिनिव्ह युक्रेनच्या. २००४ मध्ये जर्मनीतल्या बांबेर्गच्या माहलर कंडक्टर स्पर्धेत त्या तिसऱ्या आल्या, आज गाजलेला कंडक्टर दुदामेल पहिला आला त्याच वर्षी. बाहेरच्यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं ते तिथून. पॅरिसला २०२० पासून फक्त स्त्री कंडक्टरांसाठी 'ला मायेस्त्रा' ही स्पर्धा होते, तीही याच कारणाने सुरू करावी लागली. स्पर्धेत त्रुटी असतील, पण तिथे उमेदवाराला निदान सगळ्यांसमोर उभं राहता येतं. थिएटरातल्या नेमणुका बंद दाराआड होतात.

पूर्वांग:
अलकनंदा, रांगेबद्दलचा तुमचा मुद्दा खरा आहे आणि मला तो टोचतो. आमच्या क्षेत्राने हे केलंय.

पण लिनिव्ह यांची पुढची वाट बघा. बांबेर्गनंतर बायरॉइटपर्यंत सतरा वर्षं गेली. त्यात ओदेसाचा ऑपेरा, म्युनिकला किरिल पेत्रेंको यांच्या हाताखाली सहायक, मग ग्राझच्या ऑपेराची प्रमुख कंडक्टर. २०२२ मध्ये त्या बोलोन्याच्या ऑपेराच्या संगीत संचालक झाल्या, इटलीतल्या ऑपेरा हाउसला त्या पदावर पहिल्यांदाच बाई लाभली. बांबेर्गने नाव दिलं, ऑपेरा दिला तो ओदेसा, म्युनिक आणि ग्राझने. इटालियन कंडक्टर स्पेरांझा स्कापुच्ची यांचंही तसंच. त्या व्हिएन्नाच्या श्टाट्सओपर या सरकारी ऑपेराघरात पियानोवर गायकांना तयार करत होत्या. पुढे त्याच लिएजच्या संगीत संचालक झाल्या, आणि २०२२ मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेराघरात ऑपेरा चालवणारी पहिली इटालियन बाई. तिथवर त्यांना पियानोच घेऊन आला.

माझ्या मते पैसा स्पर्धेऐवजी शिकवण्यावर जावा. इटलीचे नामवंत कंडक्टर रिकार्दो मुती यांनी २०१५ मध्ये राव्हेन्नात इटालियन ऑपेराची अकादमी सुरू केली, पहिल्या वर्षी 'फाल्स्ताफ' घेतला. तरुण कंडक्टर आणि रेपेटिटर तिथे एकत्र असतात. मुती पियानोशी बसून गायकांबरोबर एकेक शब्द घासतात, त्यानंतर ऑर्केस्ट्रा. तालमी लोकांना बघायला खुल्या. तिथे कोणी पहिला नाही, दुसरा नाही.

दादरकर:
अकादमीतही निवडूनच घेतात ना? आणि निवडणारं एकच माणूस! खुद्द मुती १९६७ मध्ये ग्विदो कांतेल्ली ही कंडक्टरांची स्पर्धा जिंकले आणि पुढच्याच वर्षी फ्लोरेन्सच्या माज्जो म्युझिकाले या ऑपेरा संस्थेचे प्रमुख कंडक्टर झाले. तिथला त्यांचा पहिला ऑपेरा, व्हेर्दीचा 'ई माझ्नादिएरी', १९६९ मध्ये झाला. म्हणजे स्पर्धा आधी, ऑपेराघर नंतर. तुमच्या क्रमाच्या बरोबर उलट.

एक थेट प्रश्न विचारतो. तुमच्या थिएटरात कंडक्टरची जागा निघते तेव्हा काय करता? परीक्षाच घेता ना?

पूर्वांग:
घेतो. बोलावलेल्या उमेदवारांना पियानोवर वाजवत गायकाला संकेत द्यायला लावतात, मग ऑर्केस्ट्रापुढे थोडा वेळ. बहुतेकदा 'बोहेम'ची सुरुवात, कारण पडदा उघडल्याक्षणी संगीत धावायला लागतं आणि चौघे मित्र एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात. कधी 'फ्लेडरमाउस'चं ओव्हर्चर, म्हणजे पडद्याआधीचं वादन, त्यात दर पानाला गती बदलते. पण त्यावर नोकरी मिळत नाही. शेवटच्या दोघा-तिघांना चालू असलेल्या ऑपेराचा एक पूर्ण प्रयोग देतात. ऑर्केस्ट्राबरोबर तालीम नाही किंवा नावापुरती. सेट दुसऱ्याचा, गायक अनोळखी, तिकिटं विकलेली. त्या रात्री दुसऱ्या अंकात कोरस घसरला तर तो माणूस काय करतो ते सगळं थिएटर बघतं. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राला विचारतात, गायकांनाही विचारतात. मांडवी म्हणतात ते मत इथे त्यांना असतं.

मांडवी:
मग हाच अंतिम फेरीचा नमुना का नको? अंतिम फेरीतल्या तिघांना तीन संध्याकाळी एकाच ऑपेराचे तीन प्रयोग द्या. गायक तेच, प्रेक्षक तिकीट काढून आलेले. सुट्या आरिया, म्हणजे एकट्याची गाणी, आणि अंकांमधले तुकडे पहिल्या फेरीत ठेवा, तिथे ते पुरतात. लिएजसारखं थिएटर हे करू शकेल, त्यांच्याकडे सेट आहे, कोरस आहे, ऑर्केस्ट्रा आहे.

पूर्वांग:
असं झालं तर मी स्वतः तिकीट काढून तिन्ही रात्री बसेन. फक्त बक्षीस रोख नको, एका हंगामाची सहायकाची जागा द्या, पगारासह. लिव्हरपूलने १९५८ मध्ये तेच दिलं होतं.

दादरकर:
हे बक्षीस मला मान्य. पण पहिली फेरी सर्वांना खुली राहिली पाहिजे, व्हिडिओ पाठवून. तुमच्या त्या दोघा-तिघांच्या यादीत नाव यायला आज एजंट लागतो किंवा कोणा प्रोफेसरचा फोन. मुंबईच्या मुलांकडे यातलं काही नसतं. वर व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र लागतं, आणि स्पर्धेचं पत्र वकिलातीला समजतं. "मी तुमच्या विंगेत उभं राहून शिकेन" हे तिला समजत नाही.

अलकनंदा:
आणि परीक्षक मंडळात निम्म्या बायका. हे अट म्हणून लिहा, सूचना म्हणून नाही.

पूर्वांग:
अलकनंदा, तुमची अट पूर्ण मान्य. दादरकर, व्हिडिओवर मात्र माझं मत तेच राहील. कॅमेरा बहुतेकदा कंडक्टरच्या तोंडावर असतो. गायिकेचे खांदे त्यात दिसत नाहीत, तिने श्वास कधी घेतला ते कळत नाही. व्हिडिओ मागवायचाच असेल तर दोन कॅमेऱ्यांचा मागवा, एक कंडक्टरवर आणि एक गाणाऱ्यावर.

दादरकर:
दुसरा कॅमेरा कोणाच्याही मोबाइलवर होतो. तेवढ्याने मुलांची वाट अडत नाही.