घडीच्या दरवाजासाठी बिजागरी कोणती, आणि पिन कुठल्या बाजूला? (सल्ला हवा)

कोनमापक

नमस्कार मंडळी. एका मोठ्या खोलीचे गरजेप्रमाणे दोन भाग करता यावेत म्हणून घडीचा लाकडी दरवाजा करायचा आहे. चौकटीची आतली रुंदी 3600 मिमी, उंची 2300 मिमी. एकाच बाजूला गोळा होणाऱ्या सहा फळ्या, प्रत्येकी 600 मिमी, जाडी 40 मिमी, असा विचार आहे. वर ट्रॅक असेल. काम सुताराबरोबर उभं राहून करून घेणार आहे, त्यामुळे मोजमापं माझीच जबाबदारी.

अडलंय बिजागरीवर. साध्या पत्तीच्या बिजागऱ्या, सलग लांब पियानो बिजागरी, की कडेच्या आत लपणाऱ्या? आणि पिन (बिजागरी जिच्याभोवती फिरते ती सळई) एकाआड एक उलट बाजूंना येते हे समजतं, पण पहिल्या सांध्याला नेमकी कुठल्या बाजूला? जाणकारांनी सविस्तर सांगितलं तर फार मदत होईल.

पटाशी

बिजागरीचा प्रकार नंतर बघू. आधी हे सांगा, फळ्या ट्रॅकला कुठे टांगणार? प्रत्येक फळीच्या मधोमध, की एकाआड एक सांध्यावर?

मधोमध टांगल्या तर प्रत्येक फळीचं वजन तिच्या स्वतःच्या ट्रॉलीवर (ट्रॅकमधून धावणाऱ्या चाकांवर) जातं. बिजागऱ्यांनी फक्त शेजारच्या फळ्या एका पातळीत धरायच्या. दरवाजा मिटला की अर्धी फळी ट्रॅकच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. सांध्यावर टांगल्या तर सगळी घडी ट्रॅकच्या एकाच अंगाला येते, दिसायला सुटसुटीत, पण बिजागऱ्यांना खरोखर वजन वाहावं लागतं. दोन्हींची मापं वेगळी निघतात.

कोनमापक

हा फरकच लक्षात नव्हता. दोन्ही शक्य आहे. एका भागात भिंतीलगत कपाट आहे, म्हणून घडी एकाच अंगाला आली तर बरं. पण आधी दोन्ही समजून घ्यायला आवडेल.

जुना रंधा

मग सविस्तर लिहितो. या विषयात लोक बिजागरीच्या दुकानात आधी जातात आणि पिन नेमकी कुठे येणार हे नंतर बघतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. घडीच्या दरवाजात पिनेचा मध्य कुठे आहे यावर सगळं ठरतं. फळीची रुंदी, ट्रॅकची रेघ, मिटल्यावर किती जागा जाणार, सगळं.

आधी बाजूचा नियम. ज्या बाजूला पिन असते, फळ्यांच्या त्याच बाजू मिटताना एकमेकींना भेटतात. साध्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटपट्टीने जोडून बघा, लगेच पटेल. तुमची पहिली घडी खोलीच्या ज्या भागात येणार त्याला 'आत' म्हणू. चौकटीवरची पिन आतल्या बाजूला, जशी आत उघडणाऱ्या कुठल्याही दाराला असते. पहिल्या सांध्याची बाहेरच्या बाजूला, दुसऱ्याची पुन्हा आत, तिसऱ्याची बाहेर. चुकून दोन लागोपाठ एकाच बाजूला आल्या तर फळ्या वळकटीसारख्या गुंडाळायला बघतात आणि ट्रॅक त्यांना तसं करू देत नाही.

आता अंतर. पिनेचा मध्य फळीच्या पृष्ठापासून किती बाहेर आहे ते मोजा. समजा 5 मिमी. मग मिटल्यावर त्या दोन फळ्यांत याच्या दुप्पट, म्हणजे 10 मिमी फट राहणार. सहा फळ्यांचे 240 आणि पाच सांध्यांचे 50, मिळून 290 मिमी जागा चौकटीतून गेली. शिवाय चौकटीपाशी थोडी. जाण्यायेण्याला 3300च्या आसपास उरेल हे घरच्यांना आधीच सांगा.

सांध्यावर टांगायचं असेल तर गणित सोपं. चौकटीची पिन, दुसरा सांधा, चौथा सांधा आणि शेवटच्या फळीचं मोकळं टोक हे सगळे एकाच सरळ रेषेवर असले पाहिजेत. ट्रॅकची रेघ त्या पिनांच्या रेषेतून काढायची, फळीच्या जाडीच्या मध्यातून नव्हे. पिन ते पिन अंतर सगळीकडे सारखं ठेवा, सगळ्या फळ्या सारख्या निघतील. तुमच्या सहा फळ्यांना तीन ट्रॉल्या लागतील.

मधोमध टांगताना मात्र पहिली फळी अर्धी लागते, आणि ती बरोबर अर्धी चालत नाही. चौकटीची पिन ट्रॅकच्या रेषेवर नसून आतल्या बाजूला सरकलेली असते. 40 जाडीची अर्धी जाडी 20, त्यात 5 मिळवले की 25. म्हणून पहिल्या फळीचं पिन ते पिन अंतर पूर्ण फळीच्या निम्म्याहून 25 मिमी कमी हवं. फळी 600ची असेल तर 275. ती 300ची केली तर बाकीच्या फळ्या पुऱ्या मिटल्या तरी पहिली 75 अंशांच्या आसपासच थांबेल. मग जोर लावला जातो आणि चौकटीवरचे स्क्रू सैल होतात. चौकटीला पत्तीच्या बिजागरीऐवजी जाडीच्या मध्यावर वर-खाली पिव्हट (फळी जिच्यावर फिरते ती खुंटी) बसवला तर मात्र बरोबर अर्धी चालते.

तुमच्या 3600ला मधोमध टांगायचं तर एक अर्धी आणि पाच पूर्ण फळ्या. साडेपाच रुंदी वजा 25 बरोबर 3600, म्हणजे पूर्ण फळी सुमारे 659 आणि पहिली सुमारे 304. ही पिनांमधली अंतरं आहेत. लाकूड कापताना सांध्यांची फट वजा करा.

कोनमापक

फारच उपयोगी. 25 मिमीचा हिशोब कागदावर काढून पाहिला, पटला. मग सांध्यावर टांगणंच घेतो. फळ्या सागाच्या चौकटीच्या, मधे पातळ प्लाय, अंदाजे 30 किलोची एक. वजनाचं कसं बघायचं?

भारवाही

सांध्यावर टांगताना मधली प्रत्येक ट्रॉली साधारण दोन फळ्यांचं वजन घेते, म्हणजे तुमच्याकडे 60 किलो. ट्रॉली निवडताना यावर भरपूर राखीव ठेवा, कारण मिटताना वजन सारखं वाटलं जात नाही.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. घडी मिटली की दोन फळ्यांचं वजन ट्रॅकच्या रेषेपासून 300 मिमी बाजूला लटकतं. ते खालचं टोक उलट्या बाजूला ढकलतं. 60 किलो, 300 मिमी आणि 2300 उंची धरली तर खाली आठेक किलोचा आडवा रेटा येतो. आकडा छोटा आहे, पण तो पेलायला खाली काहीतरी हवंच. म्हणून या पद्धतीत जमिनीत मार्गदर्शक खाच टाळता येत नाही. मधोमध टांगल्यावर हा रेटा नसतो, तिथे खालची मार्गदर्शक पिन फक्त झुलणं थांबवते.

आणि ट्रॅक न लावता नुसतं चौकटीच्या बिजागऱ्यांवर दोन-तीन फळ्या पेलायचा मोह कुणाला होत असेल तर त्यांच्यासाठी. वरच्या बिजागरीवरची ओढ म्हणजे वजन गुणिले निम्मी रुंदी भागिले वरच्या-खालच्या बिजागरीतलं अंतर. 30 किलोची 600ची एक फळी, अंतर 1600, ओढ साडेपाच किलोच्या जवळपास. सरळ उघडलेल्या दोन फळ्यांना वजनही दुप्पट आणि लांबीही, म्हणून ओढ चौपट. चार फळ्यांना सोळापट. दोन हलक्या फळ्यांपुढे ट्रॅकशिवाय जाऊच नये.

पटाशी

प्रकाराबद्दल माझं मत. तुमच्या वजनाला जाड पत्तीची, बेअरिंग किंवा नायलॉन वॉशर असलेली साधी बिजागरी, प्रत्येक सांध्याला तीन. लपणारी बिजागरी दिसते छान, पण कडेत खोल खाच लागते आणि तीत स्थिर पिनच नसते. आतले दुवे फिरताना आस सरकत जाते. वर जुना रंधा यांनी दिलेली गणितं स्थिर पिनेची आहेत, ती तिथे लागू होणार नाहीत. त्या बिजागरीच्या पत्रकातलीच मापं घ्यावी लागतील.

पियानो बिजागरी हलक्या फळ्यांना उत्तम. भार लांबीभर वाटला जातो, सांध्यातून उजेड झिरपत नाही. पण फळीला थोडाही बाक असला की 2300 लांबीची पिन सरळ राहत नाही आणि फिरवताना जड जाते.

सलगसांधा

पियानोच्या बाजूने थोडं बोलतो. प्लायच्या कडेला तीनच ठिकाणी जाड स्क्रू मारण्यापेक्षा सलग बारीक स्क्रू चांगले धरतात, कारण प्लायच्या कडेत जाड स्क्रू थर फाकवतो. ज्यांच्या फळ्या 19 मिमी प्लायच्या आहेत त्यांनी हाच पर्याय घ्यावा, किंवा कडेला भरीव लाकडाची पट्टी आधी चिकटवून मग साधी बिजागरी लावावी.

पटाशी

हे मान्य. सागाच्या चौकटीला तो प्रश्न येत नाही एवढंच.

जुना रंधा

बसवण्याबद्दल. एका सांध्यातल्या तीनही पिना एका ओळंब्यात आल्या पाहिजेत. एकजरी इकडेतिकडे झाली तर ती प्रत्येक वेळी पत्ती वाकवणार. दोन फळ्या मिटलेल्या अवस्थेत, पिनेच्या बाजू समोरासमोर ठेवून, मध्ये 10 मिमीच्या पट्ट्या घालून शिकंज्यात आवळा. मग दोन्ही कडा एका पातळीत येतात. गुण्या लावून दोन्हींवर एकदमच खुणा करा. प्रत्येक फळी वेगळी मोजू नका.

बिजागरीची पत्ती बसवायची खाच पत्तीच्या जाडीपेक्षा खोल गेली की दरवाजा सरळ होताना लाकडाच्या कडा पिनेआधी भिडतात. मग फळी पुढे जात नाही आणि जोर स्क्रूवर येतो. खोल झालीच तर खाली पातळ कागदी पुठ्ठा घाला. पिनेच्या विरुद्ध अंगाची कड रंध्याने दीड-दोन अंश उतरती केली तर हा त्रास होत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यालाही तेवढी जागा मिळते.

कोनमापक

दोन शेवटच्या शंका. घरात लहान मुलं आहेत, बोटं सापडण्याचं काय? आणि हँडल कुठे? शेवटच्या फळीच्या टोकाला लावून ट्रॅकच्या दिशेने ढकललं तर चालेल ना?

भारवाही

बोटांचं आधी. यंत्रांच्या सुरक्षिततेच्या आयएसओ 13854 या मानकात बोट चिरडू नये म्हणून किमान 25 मिमी फट धरतात. तुमच्या 10 मिमीच्या फटीत बोट नक्की सापडेल. पिन पृष्ठापासून साडेबारा मिमी बाहेर असलेली बिजागरी घेतली तर मिटल्यावर 25 मिमी राहतात. ट्रॅकची रेघही तेवढी सरकवावी लागेल आणि पाच सांध्यांत मिळून जागा 75 मिमीने वाढेल. लहान मुलं असताना मी ही जागा आनंदाने देईन. दुसरा धोका सरळ होताना मिटणाऱ्या कडांमधला, तो बिजागरीने जात नाही. तिथे एका कडेला मऊ रबराची जाड पट्टी लावा, आणि तिच्यासाठी सांध्यात आधीच जागा सोडा.

जुना रंधा

टोकाला ढकलून उघडणार नाही. दरवाजा पूर्ण सरळ असताना पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सांध्याच्या पिना बाहेरच्या अंगाला असतात, आणि त्या सांध्यांना जायचं असतं आत. टोकाकडून रेटलं की ते सांधे आणखी बाहेर जाऊ बघतात, कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि दरवाजा घट्ट होतो. जितकं ढकलाल तितकं घट्ट. उघडायला सांधाच आत ओढावा लागतो.

म्हणून हँडल शेवटच्या फळीच्या आतल्या पृष्ठावर, पाचव्या सांध्याच्या जवळ. मिटल्यावर ते पृष्ठ घडीच्या बाहेरच्या अंगाला उरतं, कुठल्या फळीवर आपटत नाही. बाहेरच्या बाजूला उंच हँडल नको. शेवटच्या दोन फळ्यांच्या बाहेरच्या बाजू मिटताना समोरासमोर येतात, तिथे कोरलेली खोबण किंवा सपाट पितळी वाटी बसवा. पलीकडच्या खोलीतून उघडताना त्याच सांध्यावर तळवा ठेवून ढकललं की घडी सुटते. बंद करताना टोक ओढत न्यायचं आणि शेवटी तोच सांधा हाताने सरळ दाबायचा. सरळ झाल्यावर कडी शेवटच्या फळीला वर-खाली घाला, नाहीतर कुणी टेकलं की सांधा आत सुटेल.

कोनमापक

मनापासून आभार सगळ्यांचे. ठरलं ते असं, टांगणं सांध्यावर, पिन साडेबारा मिमी बाहेर असलेली तीन-तीन बिजागऱ्यांची जोडणी, खाली खाच, हँडल पाचव्या सांध्यापाशी. उद्या आधी पुठ्ठ्याचा दहाव्या हिश्शाचा नमुना करून सुताराला दाखवतो, आणि ट्रॅकची रेघ त्याच्यासमोरच पिनांवरून आखून घेतो.