शेतकरी घरातली अपंग आजी : ती काय काम करायची, ते सांगा

गोव्यातल्या शेतकरी घरांच्या आठवणी निघाल्या की बोलणं नांगराभोवती, बैलांभोवती आणि आजोबांभोवती फिरतं. त्याच घरात एखादी आजी पायानं अधू असायची, डोळ्यांनी किंवा कानांनी गेलेली असायची. तिच्याबद्दल ‘बिचारी’च्या पुढे कुणी बोलत नाही आणि मला ते फार लागतं. शेतीचं निम्मं काम ओसरीवर, अंगणात नि खळ्यात व्हायचं आणि ते बहुतेक बायकांच्या हातचं असायचं. म्हणून विनंती : तिला काय जमत नव्हतं ते एका ओळीत आटपा. ती काय करायची, कसं करायची, घरानं तिच्यासाठी काय केलं किंवा केलं नाही, ते मात्र सविस्तर लिहा. सुरुवात मी करते, पुढे इतरांनी लिहिलेल्या आठवणी त्यांच्या-त्यांच्या तालुक्याच्या नावाखाली.

फोंडा
लहानपणी आलेल्या तापानंतर माझ्या आजीचा उजवा पाय वाळला. सासर मिळालं ते कुळागराचं : उतारावर पोफळी, त्यांवर चढवलेल्या मिरवेली, मध्ये केळी नि जायफळं, आणि वरच्या झरीचं पाणी पाटानं खालपर्यंत आणलेलं. त्या उतारावर तिला जाता येत नसे. बेडे, म्हणजे सालीसकट सुपाऱ्या, सोलणं तिच्याकडे होतं. फळीत उभं पातं ठोकलेलं असायचं. धडक्या पायानं ती फळी दाबून धरायची, वाळलेलं बेडं पात्यावर टेकवून मनगटाचा एक हिसका द्यायची, की साल उघडून सुपारी मांडीजवळच्या सुपात. सोलता सोलताच कीडकी बाजूला, चिरलेली बाजूला. तिनं निवडल्याशिवाय माल पोत्यात भरायचा नाही, असा आजोबांचा दंडक होता. आणि पाण्याच्या आवाजावर तिचं सतत लक्ष. ओसरीवरूनच ओरडायची, “पाट फुटलो गो, जायफळीकडेन पळय!” कुणी जाऊन पाहिलं तर पाणी खरोखरच भलतीकडे चाललेलं असायचं. आजोबांनी ओसरीपासून न्हाणीपर्यंत तिला धरायला बांबू बांधला होता. वरची साल हाताला लागून लागून गुळगुळीत झाली होती. आम्ही पोरं त्याला लोंबकळायचो आणि मार खायचो.

पेडणे
आमच्या आजीचे डोळे देवीच्या साथीत गेले. लग्नानंतर गेले, म्हणून ती घरात राहिली. आधी जाते तर लग्न झालंच नसतं, असं ती स्वतः सांगायची.
उकड्या तांदळाचं काम तिच्याशिवाय होत नसे. भिजवलेलं भात मोठ्या भाणात चुलीवर चढायचं. तूस फुटायला लागलं की वास बदलतो, तो तिला आमच्या आईच्या आधी कळायचा. मग सारवलेल्या अंगणात भात पसरायचं आणि ते परतायचं पायांनी. अनवाणी पाय घासत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं, मागे सरळ चर पडत जातो. डोळस बायकाही हे काम असंच करतात. आजी जाताना तळव्यांनी ओलं-सुकं पारखायची. “हंयसर अजून ओला आसा,” म्हणून थांबायची आणि ती जागा पुन्हा परतायची. घाईनं गिरणीत नेलेल्या भाताची कणी होते. तिनं ‘झाला’ म्हटल्याशिवाय वडील पोतं उचलत नसत.
गावच्या जत्रेला मात्र तिला कधी नेलं नाही. एवढं अंगण न चुकता फिरणारी बाई ‘कुठे धडपडेल’ म्हणून घरी. याचा मला आजही राग येतो.

तिसवाडी
आजी ठार बहिरी. शेत खाजनातलं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीतलं, खारं पाणी सोसणारं कोरगूट भात. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार ओहोटीला उघडतं नि भरतीला मिटतं, ते माणसं बघत. बांध बघायची आजी. कुर्ल्या बांधात बिळं करतात, त्यातून आधी पाण्याचा बारीक धागा येतो आणि वेळीच बुजवला नाही तर बांधच जातो. खारं पाणी आत शिरलं की त्या वर्षाचं भात तर गेलंच, पुढच्या हंगामाचाही भरवसा नाही. मातीचा रंग कुठे गडद झालाय ते ती लांबून हेरायची, चिखल नि पेंढा कोंबून टाचेनं दाबून टाकायची. 1964 चा कूळ कायदा आला, 1976 च्या दुरुस्तीनं कसणारा मालक झाला. आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबाराच तो) आजोबांचं नाव आहे. जमीन कोण कसतं, हे विचारायला माणूस आला तेव्हा आजी समोरच बसली होती. तिला ऐकू येत नाही म्हणून तिच्याशी कुणी बोललंच नाही.

डिचोली
आजी नव्हे, आजीची धाकटी बहीण. कुबड होतं, लग्न झालं नाही, भावाकडे राहिली. गुरांचं सगळं ती बघायची. आडलेली गाय तिच्या हातानं मोकळी व्हायची. गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलीचा वारसाहक्क मुलाइतकाच. पण ‘तुला कशाला हवं’ म्हणत तिच्याकडून हक्कसोडीवर अंगठा घेतला. त्यानंतरही ती त्याच गोठ्यात राबली. जास्त लिहवत नाही.

फोंड्याची मी पुन्हा. पेडण्याच्या दादांना विचारायचंय : आजी विहिरीवर कशी जायच्या, दोर वगैरे बांधला होता का? आणि डिचोलीच्या ताई, जमेल तेव्हा त्या गाईंबद्दल लिहा, आडलेली गाय मोकळी करताना त्या नेमकं काय करायच्या ते. सांगे, काणकोणाकडून अजून काही आलेलं नाही. तिकडे डोंगरावर कुमेरी, म्हणजे झाडी तोडून-जाळून केलेली फिरती शेती व्हायची, नाचणीची राखण असायची. राखणीच्या माळ्यावर अशी कुणी आजी बसायची का? घरात विचारून बघा.