मदत हवी आहे: घरच्या नॅससाठी ईसीसी रॅमचा आग्रह धरावा का?

नमस्कार मंडळी. घरातले फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांचे स्कॅन एका जागी ठेवायला नॅस (घरच्या नेटवर्कवरचं फाइल साठवणीचं मशीन) बांधायचा आहे. वेग बेताचा असला तरी चालेल, पण दहा वर्षांनी उघडलेली फाइल जशीच्या तशी मिळायला हवी. मशीन २४ तास चालू राहील.

ट्रूनॅस (नॅससाठीची ऑपरेटिंग सिस्टिम), झेडएफएस (तिची फाइल सिस्टिम) आणि ८ टीबीच्या दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) एवढं पक्कं आहे. डिस्क सीएमआरच (डेटाचे ट्रॅक वेगवेगळे ठेवणाऱ्या) घेणार. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवणाऱ्या) डिस्क रिसिल्व्हरिंगच्या, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याच्या वेळी फार रखडतात आणि नेमकी तेव्हाच सगळी भिस्त उरलेल्या एका डिस्कवर असते. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून बॅकअप वेगळा असेल. यूपीएसही घेतोय.

घोडं अडलंय ते मदरबोर्डपाशी. इंटेल एन१०० प्रोसेसरचा टीडीपी (उष्णतेचं, म्हणजे साधारण विजेच्या खर्चाचं माप) फक्त ६ वॅट, बरेच बोर्ड पंख्याशिवाय चालतात, पण ईसीसी रॅम (बिटची चूक स्वतः ओळखून दुरुस्त करणारी मेमरी) लावता येत नाही. वापरलेल्या झिऑन (इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर) बोर्डवर ईसीसी मिळते, मात्र वीज जास्त लागते आणि बोर्डाचं वयही झालेलं असतं. झेडएफएस डिस्कवरची चूक चेकसमवरून (डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यावरून) पकडतं. पण चेकसम काढण्याआधीच रॅममध्ये एखादा बिट उलटला, तर चुकीचा डेटाच बरोबर म्हणून लिहिला जाणार. मला खरी धास्ती याचीच आहे.

तुम्ही यातलं काय निवडाल? एएमडीचा रायझन प्रो प्रोसेसर आणि ईसीसी असा मधला मार्ग कुणी वापरत असल्यास बोर्डाचं मॉडेल आणि निष्क्रिय असताना लागणारे वॅट नक्की सांगा. शिवाय, ईसीसी खरोखर काम करतेय हे तुम्ही कसं तपासलंत?