ठिबकमधून जीवामृत सोडलं की ड्रीपर चोक होतात

मळेवाला३०:
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुका, ३० गुंठे टोमॅटो, पूर्ण सेंद्रिय. १६ मिमीची इनलाइन नळी, ४० सेंमीवर तासाला ४ लिटर सोडणारे ड्रीपर. विहिरीचं पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून, मग डिस्क फिल्टरमधून जातं. व्हेंच्युरी (द्रव खत ओढून नळीच्या पाण्यात मिसळणारा जोड) डिस्कच्या पुढे आहे. दर पंधरा दिवसांनी २०० लिटर जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवलेलं) फडक्यातून गाळून सोडतो. तिसऱ्या खेपेपासून नळीच्या शेवटाकडची झाडं सुकताहेत, तिथले ड्रीपर नुसते थेंबथेंब गळतात. गाळूनही असं का? आणि नुसत्या जीवामृतावर पीक निघेल का?

नाना_ठिबकवाले:
दादा, व्हेंच्युरीची जागा चुकली आहे. डिस्कच्या पुढे असल्यामुळे जीवामृत कुठल्याच फिल्टरमधून न जाता थेट नळीत शिरतं. ती वाळूच्या फिल्टरनंतर पण डिस्कच्या आधी बसवा. वाळूच्या आधी नको, वाळूत बुळबुळीत थर धरतो आणि तो धुता धुता जीव जातो. डिस्क १२० मेशची (जाळीच्या बारीकपणाचं माप) ठेवा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाब दाखवणाऱ्या गेजमधला फरक ०.५ किलोपर्यंत (दर चौरस सेंमी) गेला की लगेच धुवा. जीवामृताच्या दिवशी हे दोन-तीनदा करावं लागेल, कंटाळा करू नका.

दुसरं, घाण मुळात ड्रममध्येच कमी करा. १० किलो शेण सुट्टं न टाकता गोणपाटात बांधून ड्रममध्ये लटकवा, चोथा पोटलीतच राहतो. २ किलो बेसन थोड्या पाण्यात गुठळी न राहील असं कालवून मग ओता. तोटी तळापासून अर्धा फूट वर बसवा. काढायच्या दिवशी ढवळू नका. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी आधी मच्छरदाणीतून आणि मग दुहेरी सुती धोतरातून गाळा.

तिसरं म्हणजे सोडायची पद्धत. आधी अर्धा तास साधं पाणी, मग जीवामृत, मग पुन्हा किमान अर्धा तास साधं पाणी. गूळ-बेसनाचं पाणी नळीत राहिलं तर आतच शेवाळासारखा चिकट थर वाढतो, उन्हात तो वाळून ड्रीपरच्या तोंडाशी बसतो. तुमचं शेवटच्याच टोकाला बंद पडतंय, कारण तिथे पाण्याचा वेग सगळ्यांत कमी. पाणी झालं की आधी सबमेनचा (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपचा) फ्लश वॉल्व्ह उघडा, मग चार-पाच नळ्यांच्या एंड कॅप एकदम काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. सगळ्या एकदम उघडल्या तर दाब पडतो आणि घाण आतच राहते.

काळीमाती_ताई:
नानांच्या मताशी सहमत, पण आधी एक बंद ड्रीपर कापून बघा. आत पांढरा क्षार असेल तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर तो विहिरीच्या पाण्यातला चुना, जीवामृतावर उगाच खापर नको. तपकिरी, बुळबुळीत असेल तर नाना म्हणतात तेच. चुना निघाला आणि आम्ल द्यायचं ठरलं, तर सेंद्रिय प्रमाणीकरण संस्थेला किंवा पीजीएस गटाला (एकमेकांच्या शेतीची सेंद्रिय म्हणून हमी देणारा शेतकऱ्यांचा गट) आधी विचारा. काय चालतं, काय नाही, ते तेच सांगतील. इनलाइन ड्रीपर उघडता येत नाही, पूर्ण बुजला असेल तर तेवढा तुकडा कापून जॉइनर लावा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. हिशेब करा. २०० लिटरात १० किलो ओल्या शेणातून जेमतेम ५० ग्रॅम नत्र, १० लिटर गोमूत्रातून १०० ग्रॅमच्या आसपास, २ किलो बेसनातून ७० ग्रॅम. सगळं मिळून पाव किलोच्या आत. संकरित टोमॅटोला एकरी नत्र शंभर किलोच्या घरात लागतं. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे.

त्यामुळे लागवडीआधी पुरेसं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत (गांडूळखतात टनाला सुमारे १५ किलो नत्र, तेही सावकाश मिळणारं) आणि निंबोळी पेंड सरीत हवीच. पुढच्या हंगामाला हिरवळीचं खत म्हणून एकरी २०-२५ किलो ताग पेरून ४५ दिवसांच्या आत, फुलोऱ्याच्या सुरुवातीला गाडा. दांडे कडक झाल्यावर गाडला तर कुजताना जमिनीतलंच नत्र ओढतो आणि रोपं पिवळी पडतात. आताच्या उभ्या पिकाला पेंड झाडाच्या बुडाशी मातीआड करून द्या, नुसती वर टाकू नका.

मळेवाला३०:
ड्रीपर कापला. तपकिरी, बोटाला चिकटणारा. व्हेंच्युरी उद्या हलवतो. ज्या नळ्या अजून थोड्या वाहतात त्यांचं काय?

नाना_ठिबकवाले:
वाळू देऊ नका, आत ओल असतानाच धुवा. दोन-दोन नळ्यांच्या कॅप काढून पूर्ण दाबाने पाणी सोडा आणि नळी हाताने चोळत, ड्रीपरच्या जागी हलकं ठोकत शेवटापर्यंत जा. मग प्रत्येक नळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली भांडं ठेवून १५ मिनिटं पाणी मोजा. ४ लिटरच्या ड्रीपरला साधारण १ लिटर भरलं पाहिजे. ८०० मिलीच्या खाली भरलं तर तो तुकडा बदला.